चाळणीवर राहिलेलं

तीस वर्षं मी नोटा तपासल्या.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, पांढऱ्या ट्यूबखाली.
बोटाला आधी कळायचं, डोळ्याला नंतर,
कुठे शाई सरकली, कुठला आकडा लंगडा.
खोटीचा ताव बाजूला.
त्याचं पुढे भुसकट व्हायचं,
आणि आम्ही डबे उघडून बसायचो.
लाखाची चिंधी झाली म्हणून
भूक काही जास्त लागायची नाही.

आता कॉलनीतली पानं तपासते.

देशी बदाम, सोनमोहर, दोन रेनट्री,
आणि अहिररावांचा चिकू, जो बारा महिने काहीतरी टाकतोच.
पानगळ लागली की जो तो आपल्या कोपऱ्यात काडी लावायचा.
सकाळी सातला धूर
वाळत घातलेल्या परकरात, पोरांच्या खोकल्यात.
घंटागाडीवाला फांद्या घेत नाही.
म्हणतो, काकू, ओला कचरा ठाऊक, सुका ठाऊक,
याला काय म्हणू?
त्याचंही खरं.
झाडाचा कचरा हा शब्द
झाडानं केलेला नाही.

ओझरच्या भाच्यानं द्राक्षबाग मोडली,
त्यातले चार अँगल मागून आणले.
सातपूरची कोंबडीजाळी गोल वळवून बांधली,
पडीक जागेत, पाण्याच्या टाकीमागे.
पानांचा थर, मेथीच्या काड्या, शेणाची स्लरी,
नासलेलं ताक.
शाळा सुटल्यावर बागुलांचा यज्ञेश येतो
आणि आत उभा राहून नाचतो.
दाबून बसवणं हे त्याचं खातं.

दुसऱ्या मजल्यावरून अर्ज आला.
सौ. क्षेमकल्याणी. वास, माश्या, साप.
साप कुणी पाहिला नव्हता,
पण अर्जाला तीन कारणं शोभतात.
सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी गप्प बसले.
ढीगही गप्प होता, आतून शिजत.

पौषात, पेपरात निफाडचा पारा पहिल्या पानावर आला
त्या सकाळी मी जाळीतून हात घातला,
कोपरापर्यंत.
भाकरीच्या तव्याशेजारी बसल्यासारखं वाटलं.
कुणी काडी लावली नव्हती.
धूर नाही, नुसती वाफ,
आणि अहिरराव मफलर सोडून बघत राहिलेले.

वैशाख सरता सरता चाळायला घेतलं.
खाली काळं, भुसभुशीत,
हातात धरलं तर राहतं, सोडलं तर सुटतं.
चाळणीवर राहिलं ते मी ओळीत मांडलं, जुनी सवय:
शांपूच्या पुड्या तीन,
वडाभोवतीचा नायलॉन दोरा, जसाच्या तसा, पुढच्या सात जन्मांसाठी,
यज्ञेशची गोटी,
आणि एक चमचा.

स्टीलचा. दांड्यावर टिंबाटिंबांनी कोरलेलं:
सौ. शालन क्षेमकल्याणी. मामाकडून. १९७९.

म्हणजे रात्री.
जिन्यातला दिवा न लावता,
दोडक्याच्या शिरा, पपईच्या बिया, कोबीचा पाला
आणि सालींबरोबर ताटलीतून निसटलेला हा.
दुसऱ्या दिवशी भांडी मोजताना
काय शोधाशोध झाली असेल,
आणि विचारायचं कुणाला?

प्रेसचा नियम होता:
खोट दिसली की नाव लिहायचं, तारीख, सही.
पेन्सिल कानावरच होती.
मी चमचा राखेनं घासला,
दोन किलो खताच्या पिशवीत खोचला,
पिशवी त्यांच्या कडीला अडकवली
आणि बेल न दाबता उतरले.
गुडघ्यांनी मात्र प्रत्येक पायरीवर आवाज केला.

चार दिवसांनी वर पाहिलं.
गॅलरीत त्यांची जास्वंद, फेब्रुवारीपासून नुसती काठी.
बुंध्याशी माती काळी, ओली,
आणि मातीत उभा मामाचा चमचा,
खुरप्याच्या नोकरीवर रुजू.

आज ढिगावर देठं होती.
दिवसाउजेडी टाकलेली, बारीक चिरून,
नखाएवढे तुकडे, लवकर कुजावेत असे.

अर्ज अजून मागे घेतलेला नाही.